हद्दीबाहेरचे प्रेक्षक : विल्मिंग्टनमधली डिजिटल टीव्हीची रंगीत तालीम

पहिल्या दिवशी ७९७ फोन आले. पाच दिवसांत ही संख्या अठराशेच्या घरात गेली.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, केप फिअर नदीच्या काठी विल्मिंग्टन हे शहर आहे. ८ सप्टेंबर २००८ रोजी, सोमवारी दुपारी बाराच्या ठोक्याला, तिथल्या पाच व्यावसायिक टीव्ही केंद्रांनी अॅनालॉग प्रक्षेपणावरचे कार्यक्रम थांबवले आणि ते फक्त डिजिटलवर ठेवले. सगळ्या देशात हा बदल १७ फेब्रुवारी २००९ ला व्हायचा होता. विल्मिंग्टन ही त्याआधीची रंगीत तालीम.

तालीम यशस्वी झाली असंच तेव्हा जाहीर झालं, आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं. शहरात गोंधळ माजला नाही, बहुतेक घरांत टीव्ही चालू राहिला. तरीही मला या प्रकरणात मदत मागणारे ते फोन सगळ्यात मोलाचे वाटतात. कोण फोन करत होतं, कुठून करत होतं आणि त्यांना नेमकं काय दिसेनासं झालं होतं, हे पाहिलं की एक गोष्ट लख्ख कळते. ही चाचणी ज्या प्रेक्षकांसाठी आखली होती, त्यांच्यापेक्षा तिचा फटका बसलेले प्रेक्षक बऱ्याच अंशी वेगळे होते.

तारीख कुठून आली

अॅनालॉग टीव्ही बंद करण्याचा निर्णय चित्राच्या दर्जासाठी झाला, असा समज आहे. मुळात प्रश्न जागेचा होता. हवेतली जागा, म्हणजे स्पेक्ट्रम. डिजिटलकडे जाण्याच्या काळात अमेरिकेतलं प्रत्येक मोठं केंद्र दोन-दोन चॅनेल वापरत होतं, एक जुना अॅनालॉग आणि एक नवा डिजिटल. जुना बंद झाला की सगळी केंद्रं दाटीने बसवता येणार होती आणि ५२ ते ६९ क्रमांकांचे चॅनेल, म्हणजे ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा, मोकळा होणार होता. त्यातला काही भाग पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांच्या बिनतारी संपर्कासाठी हवा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात निरनिराळ्या दलांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं, ही जखम ताजी होती. उरलेल्यातल्या मोठ्या भागाचा २००८ च्या सुरुवातीला लिलाव झाला आणि सरकारला सुमारे १९ अब्ज डॉलर मिळाले. तेव्हा टीव्हीने ती जागा सोडणं आता ऐच्छिक राहिलं नव्हतं. २००६ च्या सुरुवातीला मंजूर झालेल्या कायद्याने तारीखच ठरवून टाकली होती.

ज्यांच्या घरी केबल किंवा डिश होती, त्यांना काही करावं लागणार नव्हतं. प्रश्न होता तो छपरावरचा किंवा टीव्हीवरचा अँटेना वापरून फुकट टीव्ही पाहणाऱ्यांचा. जुन्या टीव्हीला डिजिटल लहरी कळत नाहीत. मध्ये एक डबा, कन्व्हर्टर बॉक्स, लावावा लागतो. सरकारने प्रत्येक घराला प्रत्येकी ४० डॉलरची दोन कूपनं देऊ केली. डबा साधारण ४० ते ७० डॉलरला पडे, त्यामुळे वरचे पैसे घरातून घालावे लागत. कूपनाची मुदत ९० दिवस. त्या मुदतीत डबा घेतला नाही, तर कूपन वाया.

इथे आपल्याकडची आठवण येते. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्रीनंतर अॅनालॉग केबल बंद झाली आणि पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा शहरांची पाळी आली. तो बदल केबलमधला होता, हवेतल्या प्रक्षेपणातला नव्हता. पण डबा तोच, आणि त्याला सरकारी कूपन नव्हतं. सेट टॉप बॉक्सचे पैसे ग्राहकाने केबलवाल्याच्या हातात ठेवले. एका घरात दोन टीव्ही असतील तर दोन डबे. ९० दिवसांच्या मुदतीवर टीका करताना, निदान अमेरिकी सरकारने खर्चाचा काही भार आपल्या खांद्यावर घेतला होता, हेही नोंदवायला हवं.

विल्मिंग्टनच का

एफसीसी म्हणजे अमेरिकेचा दूरसंचार आयोग. सगळा देश एका दिवशी अंधारात ढकलण्याआधी कुठेतरी करून बघू या, हा आग्रह आयोगाचे एक सदस्य मायकल कॉप्स यांनी धरला होता. अध्यक्ष केव्हिन मार्टिन यांनी तो उचलून धरला आणि मे २००८ मध्ये विल्मिंग्टनची निवड जाहीर झाली.

निवडीची कारणं सरळ होती. तिथली केंद्रं स्वखुशीने तयार झाली. प्रदेश सपाट, डोंगराची आड नाही. बाजारपेठ लहान : पाच काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग), सुमारे १,८०,००० टीव्ही असलेली घरं आणि त्यांतली केवळ अँटेन्यावर अवलंबून असलेली जेमतेम १४,०००. शिवाय तिथल्या केंद्रांचे डिजिटल चॅनेल आधीच कायमचे ठरलेले होते. त्यांना नंतर पुन्हा जागा बदलावी लागणार नव्हती.

ही सगळी कारणं चाचणी सोपी करणारी आहेत. नवी गोष्ट पहिल्यांदा करताना सोपी जागा निवडणं यात गैर काही नाही. पण सोपी जागा निवडली की त्या जागी नसलेल्या अडचणी चाचणीत दिसत नाहीत, हे निवड करतानाच लिहून ठेवावं लागतं.

तयारी मात्र मनापासून केली. आयोगाची माणसं त्या उन्हाळ्यात विल्मिंग्टनमध्ये ठाण मांडून होती. चर्च, वृद्धांची केंद्रं, जत्रा, दुकानं, जिथे माणसं जमतात तिथे जाऊन त्यांनी डबा कसा जोडायचा ते दाखवलं. स्थानिक अग्निशमन दलाचे जवान वयस्कर माणसांच्या घरी जाऊन डबे लावून देत होते. केंद्रं स्वतः दिवसभर सूचना दाखवत होती. बदल होणार आहे हे माहीत नाही, असा माणूस त्या भागात सप्टेंबरपर्यंत शोधून सापडला नसता.

एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. तिथलं सार्वजनिक टीव्ही केंद्र या चाचणीत उतरलं नाही, त्याने अॅनालॉग चालूच ठेवलं. कारण सप्टेंबर हा त्या किनाऱ्यावर चक्रीवादळांचा महिना. वादळात वीज गेली की लोक बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही काढतात, आणि ते सगळे टीव्ही अॅनालॉग होते. कन्व्हर्टर डब्याला मात्र घरातली वीज लागते. ही भीती पुस्तकी नव्हती. ६ सप्टेंबरला, म्हणजे बदलाच्या दोनच दिवस आधी, हॅना नावाचं वादळ दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेजवळ किनाऱ्यावर येऊन थडकलं.

दुपारी बारा

सोमवारी शहराच्या मध्यवस्तीत छोटा समारंभ झाला. एक भलंमोठं दिखाऊ बटण तयार केलं होतं. केव्हिन मार्टिन, महापौर बिल सॅफो आणि केंद्रांचे प्रमुख यांनी मिळून ते खाली ओढलं.

ज्यांच्या टीव्हीला डबा नव्हता, त्यांच्या पडद्यावर कार्यक्रमाऐवजी एक पाटी आली. हा टीव्ही अजून डिजिटल झालेला नाही, मदतीसाठी या क्रमांकावर फोन करा, अशा आशयाची. ही पाटी महिनाअखेरीपर्यंत राहिली. लहान वाटते, पण ही सगळ्या आराखड्यातली फार उपयोगी गोष्ट होती. आपल्यापैकी ज्यांनी अॅनालॉग टीव्ही पाहिलाय, त्यांना माहीत आहे की केंद्र बंद झालं की पडद्यावर मुंग्या येतात. मुंग्या आल्या की माणूस आधी टीव्हीच्या डोक्यावर थाप मारतो, मग अँटेना फिरवतो, मग मेकॅनिकला बोलावतो. पाटी दिसली की निदान एवढं कळतं की आपला टीव्ही ठीक आहे, बदल वरून झालाय.

आणि मग फोन सुरू झाले.

फोन कशाबद्दल होते

बदलाची कल्पनाच नव्हती, असं सांगणारे मोजके. जाहिरातींचं काम फत्ते झालं होतं. बहुतेक फोन अशा लोकांचे, ज्यांनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, कूपन घेतलं होतं, डबा आणला होता, जोडलाही होता, आणि तरी टीव्ही दिसत नव्हता.

त्यातला एक मोठा गट चॅनेल शोधण्यापाशी अडला होता. अॅनालॉग टीव्हीवर सहा नंबर लावला की सहा नंबर लागतो. तबकडी फिरवायची, खट् आवाज, चित्र हजर. डिजिटल डब्याचं तसं नाही. त्याला आधी सगळी हवा चाळू द्यावी लागते. रिमोटवरून यादीत जायचं, शोध सुरू करायचा, पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकेपर्यंत काही मिनिटं थांबायचं. या वेळात जे केंद्र सापडेल तेवढंच डब्याच्या स्मरणात राहतं. शोध चालू असताना अँटेना चुकीच्या दिशेला असेल, तर ते केंद्र यादीतच येत नाही. नंतर अँटेना नीट केला तरी ते दिसत नाही, कारण डब्याच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. पुन्हा शोधायला लावावं लागतं. डब्याचं हे वागणं सत्तरीतल्या माणसाला फोनवरून समजावणं किती अवघड असेल, ते आईवडिलांचा फोन दुरुस्त करताना आपण रोज अनुभवतो. रिमोटवर कुठलं बटण दाबलं, पडद्यावर आता काय लिहिलंय, हे विचारत विचारत पुढे जायचं.

दुसरा गट अँटेन्याचा. आपल्याकडे गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा आणि खाली दुसऱ्याने ओरडून सांगायचं, 'आलं, आलं... गेलं, थोडं मागे!' या खेळात अॅनालॉगचा एक मोठा गुण होता. सिग्नल अर्धवट असला तर चित्र अर्धवट दिसायचं. मुंग्यांच्या पलीकडे बातम्या देणारी बाई ओळखू यायची, आवाज कळायचा. आपण बरोबर दिशेला चाललोय की नाही, याचा अंदाज यायचा. डिजिटलमध्ये हा अर्धा प्रकार जवळपास नाहीच. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ. त्याहून किंचित कमी झाला तर चौकोन चौकोन तुटतात, चित्र गोठतं आणि पडदा काळा. जो माणूस वर्षानुवर्षं मुंग्यांतून टीव्ही बघत होता, समाधानी होता, तो या कड्याच्या नेमका काठावर उभा होता. बदलाच्या दिवशी तो पलीकडे पडला.

तिसरा गट सगळ्यात मोठ्यांपैकी होता आणि त्याच्या तक्रारीत एकाच केंद्राचं नाव येत होतं. डब्ल्यूईसीटी.

मनोरा

डब्ल्यूईसीटी हे विल्मिंग्टनचं एनबीसी जाळ्यातलं केंद्र. त्याचा अॅनालॉग चॅनेल ६. शहर किनाऱ्यावर, पण या केंद्राचा अॅनालॉग मनोरा शहरात नव्हताच. तो आत, वायव्येला, ब्लेडन काउंटीतल्या शेतांत आणि जंगलात १९६९ मध्ये उभारलेला होता. उंची १,९०५ फूट, आयफेल टॉवरच्या जवळजवळ पावणेदोन पट. एवढ्या उंचीवरून, सपाट मुलखावर, त्याच्या लहरी एका बाजूला विल्मिंग्टन, दुसऱ्या बाजूला फेएटव्हिल आणि दक्षिणेला शेजारच्या राज्यातल्या मर्टल बीचपर्यंत पोचत.

चॅनेल ६ हा कमी वारंवारतेचा, ८२ ते ८८ मेगाहर्ट्झचा. त्याची लहर साधारण साडेतीन मीटर लांब. लांब लहर झाडांना, उंचसखल जागेला वळसा घालून पुढे जाते. क्षितिजापलीकडेही थोडी झिरपते. (या चॅनेलचा आवाज एफएम रेडिओच्या अगदी डाव्या टोकाला, ८७.७५ मेगाहर्ट्झवर ऐकू येई. टीव्ही नसला तरी गाडीतल्या रेडिओवर बातम्या लागत. डिजिटलमध्ये हाही आधार गेला.)

डिजिटलसाठी डब्ल्यूईसीटीला मिळाला चॅनेल ४४, सुमारे ६५० मेगाहर्ट्झचा. लहर अर्ध्या मीटरपेक्षाही आखूड. आणि हे प्रक्षेपण जुन्या मनोऱ्यावरून नव्हे, विल्मिंग्टनच्या जवळ, ब्रन्सविक काउंटीतल्या विनाबो इथल्या मनोऱ्यावरून सुरू झालं. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, लहरीची जात आणि ती निघण्याची जागा. विल्मिंग्टन शहराला डिजिटल चित्र छान मिळालं. पण ज्या प्रेक्षकांच्या घराशेजारून आजवर लहरी निघत होत्या, त्यांच्यासाठी केंद्र उठून दूर समुद्राच्या बाजूला गेलं. त्यांच्या छपरावरचा अँटेना जुन्या मनोऱ्याकडे तोंड करून होता, आणि त्यातल्या अनेकांचा अँटेना चॅनेल ६ च्या लांब लहरीसाठीच केलेला होता. त्यांनी डबा कितीही नीट जोडला, दहा वेळा शोध लावला, तरी फरक पडणार नव्हता.

केंद्राने चूक केली असं मला म्हणायचं नाही. टीव्हीच्या व्यवसायात प्रत्येक केंद्राला एक बाजारपेठ नेमून दिलेली असते. डब्ल्यूईसीटीची बाजारपेठ विल्मिंग्टन आणि भोवतालच्या पाच काउंट्या. फेएटव्हिल दुसऱ्या बाजारपेठेत, मर्टल बीच तिसऱ्या. जाहिरातीचे पैसे बाजारपेठेतल्या घरांवर मिळतात, हद्दीबाहेरच्या प्रेक्षकावर मिळत नाहीत. डिजिटलचा आराखडा करताना केंद्राने आपल्या हद्दीवर लक्ष दिलं, हे हिशेबाला धरून झालं. मर्टल बीचसाठी तर त्याच मालकाने ऑगस्ट २००८ मध्ये नवं, पहिल्यापासून केवळ डिजिटल असलेलं एनबीसी केंद्र सुरूही केलं होतं.

पण प्रेक्षकाला बाजारपेठेची रेषा माहीत नसते. त्याला माहीत असतं की चाळीस वर्षं सहा नंबरवर बातम्या लागतात, वादळाचा इशारा तिथेच मिळतो आणि तिथला हवामान सांगणारा माणूस ओळखीचा आहे. एके सोमवारी दुपारी तो माणूस घरातून नाहीसा झाला. मला या प्रेक्षकाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण सबंध आराखड्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

एकच आकडा, तीन भाजक

आता त्या फोनकडे परत येऊ. पाच दिवसांत सुमारे १,८०० फोन. १,८०,००० घरांशी ताडले तर एक टक्का. हा भाजक धरला की चाचणी उत्तम पार पडली.

पण १,८०,००० पैकी बहुसंख्य घरांत केबल किंवा डिश होती. त्यांच्यासाठी काही बदललंच नव्हतं, ती फोन कशाला करतील? फक्त अँटेन्यावरची १४,००० घरं धरली, तर तेच फोन जवळजवळ १३ टक्के होतात. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढी मेहनत घेतली, त्यांतल्या दर आठ घरांमागे एक फोन. हे ऐकून कुणीही खुर्चीत सावरून बसेल.

आणि हाही भाजक पुरता बरोबर नाही. केबल असलेल्या घरात स्वयंपाकघरातला दुसरा टीव्ही अँटेन्यावर असू शकतो, तो १४,००० मध्ये धरलेला नाही. शिवाय डब्ल्यूईसीटी गमावलेले हद्दीबाहेरचे लोक फोन करणाऱ्यांत येतात, पण भाजकात येत नाहीत. जुन्या मनोऱ्याच्या टप्प्यात असलेली, विल्मिंग्टनच्या बाजारपेठेबाहेरची आणि केवळ अँटेन्यावरची घरं, हा तिसरा भाजक. या चाचणीचा सगळा ताळेबंद बाजारपेठेच्या हद्दीत मांडला होता आणि लहरींना ती हद्द ठाऊक नव्हती.

जुना मनोरा आणखी चार वर्षं तसाच उभा राहिला. केंद्राने तो जागेसकट ग्रीन बेरे फाउंडेशन या, अमेरिकी सैन्याच्या विशेष दलातल्या जवानांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दान केला होता. २० सप्टेंबर २०१२ रोजी तो भंगारासाठी पाडण्यात आला.

तालमीतून काय घेतलं, काय निसटलं

आयोगाने विल्मिंग्टनमधून बरंच उचललं. जाहिरातींचा मजकूर बदलला. 'बदल होणार आहे' हे सांगण्यापेक्षा 'डबा असा जोडा, चॅनेल असे शोधा, अँटेना तपासा' यावर भर आला. कुठल्या केंद्राची डिजिटल व्याप्ती अॅनालॉगपेक्षा वेगळी पडणार आहे, त्याची तपासणी देशभर सुरू झाली. पाटी दाखवायची कल्पना कायद्यात आली आणि अनेक केंद्रांना काही आठवडे अॅनालॉगवर फक्त सूचना व आपत्कालीन बातम्या देण्याची मुभा मिळाली.

तारीख मात्र टिकली नाही. जानेवारी २००९ मध्ये कूपनांचे पैसे संपले, लोक प्रतीक्षायादीत अडकले. नवे अध्यक्ष बराक ओबामा यांनी ११ फेब्रुवारीला मुदतवाढीच्या कायद्यावर सही केली आणि अंतिम दिवस १२ जून २००९ ठरला.

त्या दिवशी आयोगाला देशभरातून तीन लाखांहून अधिक फोन आले. त्यात शिकागो आणि फिलाडेल्फियाचे बरेच होते, आणि इथे विल्मिंग्टनच्या निवडीतली ती सोय अंगाशी आली. विल्मिंग्टनची केंद्रं आधीच आपल्या कायमच्या, जास्त वारंवारतेच्या डिजिटल चॅनेलवर होती. देशातली कित्येक केंद्रं तशी नव्हती. ती १२ जूनला तात्पुरता डिजिटल चॅनेल सोडून आपल्या जुन्या, कमी वारंवारतेच्या चॅनेलवर परतली. फिलाडेल्फियातलं डब्ल्यूपीव्हीआय चॅनेल ६ वर आणि शिकागोतलं डब्ल्यूएलएस चॅनेल ७ वर. ज्यांचा डबा महिनोन्‌महिने उत्तम चालत होता, त्यांच्याही पडद्यावरून ही केंद्रं गेली. डब्याच्या स्मरणात जुना पत्ता होता, आणि दुकानातून आणलेला आटोपशीर अँटेना या लांब लहरी नीट पकडत नव्हता. विल्मिंग्टनमध्ये लांब लहर सोडल्यामुळे प्रेक्षक गेले होते, इथे लांब लहरीकडे परतल्यामुळे गेले.

दोन्ही केंद्रांना प्रक्षेपणाची शक्ती वाढवायची परवानगी द्यावी लागली. आणि फोनवर बसलेली माणसं लोकांना एक नवी कृती सांगू लागली. अँटेन्याची वायर डब्यातून काढा. वायर नसतानाच चॅनेल शोधायला लावा, म्हणजे काहीच सापडणार नाही आणि डबा जुने पत्ते विसरेल. काही डब्यांना त्यानंतर विजेपासूनही थोडा वेळ वेगळं ठेवावं लागतं. मग वायर परत लावा आणि पुन्हा एकदा शोधायला सांगा.